पाच जणांसाठी परवडणारी क्रूझ निवडताना नेमकं काय बघावं?

निळीलाट

आम्ही दोघं आणि तीन मुलं. प्रवासाच्या वेळी मुलांची वयं १० वर्षं, ४ वर्षं आणि ११ महिने असतील. सात रात्रींच्या आसपासची क्रूझ बघतोय आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे. जाहिरातींत तीन प्रकार दिसतात. एकात 'मुलांना भाडं नाही' असं लिहिलंय, एकात जुन्या जहाजाचं भाडं बरंच कमी आहे, आणि तिसरी चौदा रात्रींची महासागर ओलांडणारी फेरी आहे, जिचं दर रात्रीचं भाडं सर्वांत स्वस्त पडतं. यांची तुलना कशी करायची? पाच जण एका केबिनमध्ये मावतात का? बाल्कनीवर जास्तीचे पैसे घालावेत का?

---

सुकाणू

तिसरा पर्याय आधीच बाद करा. बहुतेक मोठ्या कंपन्यांमध्ये बाळाचं किमान वय ६ महिने असतं, पण महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस भर समुद्रात असणाऱ्या फेऱ्यांना ते १२ महिने लागतं. जवळचं रुग्णालय कित्येक दिवसांच्या अंतरावर असतं, म्हणून हा नियम. वय जहाजावर चढण्याच्या तारखेला मोजतात आणि त्यात सवलत मिळत नाही. शिवाय ही फेरी एका टोकाला सोडते, त्यामुळे परतीचं विमान पाच जणांचं. तिथे सगळी बचत जाते.

आता केबिन. तुमचा खरा प्रश्न इथे आहे, जहाज कोणतं हा नंतरचा. साध्या केबिनमध्ये जास्तीत जास्त चार जणांची सोय असते: दोन जोडता येणारे पलंग, एक सोफा-बेड आणि छतातून किंवा भिंतीतून खाली येणारा बर्थ. बाळ पाळण्यात झोपणार असलं तरी ते पाचवा प्रवासीच धरलं जातं, कारण मोजणी पलंगांची नसते, जीवरक्षक नौकेतल्या जागांची असते. चौघांच्या केबिनमध्ये 'फक्त एक तान्हं' म्हणून पाचवं नाव घालता येत नाही.

म्हणून दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे पाच जणांची फॅमिली केबिन, जी प्रत्येक जहाजावर मोजकीच असते. दुसरा, मधलं दार उघडणाऱ्या दोन आतल्या (खिडकी नसलेल्या) केबिन. लोक न मोजताच पहिला रस्ता स्वस्त धरतात. भाड्याची रचना अशी असते की प्रत्येक केबिनमधले पहिले दोन प्रवासी पूर्ण भाडं देतात, मग त्यातला एक चार वर्षांचा का असेना. सवलत मिळते ती तिसऱ्यापासून पुढे. समजा आतल्या केबिनचं पूर्ण भाडं १०० आणि तिसऱ्याचं ५० आहे. दोन केबिनमध्ये ३ + २ अशी विभागणी केली तर १०० × ४ + ५० = ४५०. फॅमिली केबिनचं पूर्ण भाडं १७० आणि पुढच्या तिघांचं ५० प्रत्येकी असेल तर १७० × २ + ५० × ३ = ४९०. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या जहाजाचे घालून बघा. दोन केबिनमध्ये दोन न्हाणीघरं मिळतात, आणि पाच जणांच्या सकाळच्या घाईत ती फार मोठी सोय आहे.

'मुलांना भाडं नाही' याचा अर्थही त्याच रचनेत दडलाय. ही सवलत तिसऱ्या-चौथ्या प्रवाशालाच लागू होते, म्हणजे दोन केबिन घेतल्या तर तुमच्या तीन मुलांपैकी एकालाच. बंदराचे कर आणि शुल्क दर माणशी द्यावंच लागतं. टिपही दर माणशी, दर रात्री लागते. काही कंपन्या २ वर्षांखालच्यांना ती माफ करतात. तुलना करताना भाडं + कर + टिप + बंदरापर्यंतचा प्रवास + आदल्या रात्रीचा मुक्काम + विमा, हे सगळं मिळवा आणि माणसं × रात्री यांनी भागा. जाहिरातीतला क्रम यानंतर बऱ्याचदा उलटा होतो.

कागदावर बहुतेक ठिकाणी प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ दाखवावा लागतो. जहाजावर पोहोचल्यावर स्वागतकक्षातून एकमेकांच्या केबिनची जादा कार्डं मागून घ्या आणि झोपण्याची वाटणी हवी तशी करा. मात्र बुकिंग करताना 'मधलं दार असलेल्या' म्हणजे कनेक्टिंग केबिन हव्यात असं स्पष्ट सांगा. 'शेजारच्या' म्हटलं तर मधे नुसती भिंत मिळते.

---

डेक_सात

सुकाणू यांनी हिशेब चोख मांडलाय. मी मुलांच्या वयाबद्दल लिहितो, कारण स्वस्त जहाज मुलांना निरुपयोगी ठरलं तर ते महागच.

मुलांचे क्लब भाड्यातच असतात, पण बहुतेक ठिकाणी वयाची अट ३ वर्षांची. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत ३ पासून, कार्निवल कंपनीत २ पासून. तुमचं चार वर्षांचं मूल बसतं. पण काही कंपन्यांत क्लबसाठी मूल डायपरशिवाय राहणारं लागतं, हे आधी तपासा. ११ महिन्यांच्या बाळासाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं (डिस्नेच्या जहाजांवर ६ महिन्यांपासून), त्याचे पैसे तासावर लागतात आणि जागा थोड्या असतात. बुकिंगची खिडकी उघडली की लगेच वेळा धरा. क्लब साधारण रात्री १० पर्यंत मोफत असतो, त्यानंतर पैसे पडतात. नोंदणी पहिल्या दुपारीच करा. मुलाला कशाची ॲलर्जी असेल तर तिथेच लेखी द्या.

पोहण्याचा तलाव हा सगळ्यांत जास्त हिरमोड करणारा भाग. डायपरमधल्या मुलांना मुख्य तलावात आणि गरम पाण्याच्या टबात सोडत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. अमेरिकी बंदरांतून जाणाऱ्या जहाजांवर हा नियम फार काटेकोरपणे पाळतात. कारण रास्त आहे: पाणी थोडं, तेच गाळून पुन्हा फिरवलेलं, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस टिकतात. बाळासाठी वेगळ्या गाळणीचं कारंजं असलेली जहाजं आहेत. जहाजाच्या नकाशात तसं नसेल तर धरून चाला की बाळ पाण्यात उतरणार नाही.

दहा वर्षांच्या मुलासाठी घरीच उंची मोजा. मोठ्या घसरगुंड्यांना साधारण १०७ ते १२२ सेंटिमीटर लागतात. रॉयल कॅरिबियनच्या लाटांच्या यंत्रावर पालथं पडून जायला १३२ आणि उभं राहायला १४७ सेंटिमीटर. ज्या खेळासाठी नव्या जहाजाचे जास्त पैसे मोजायचे, तोच खेळ मुलाला उंचीमुळे मिळणार नसेल तर जुनं जहाज घ्या. चार वर्षांच्या मुलाला दोन घसरगुंड्या आणि आइस्क्रीमचं यंत्र यांपलीकडे फारसं काही लागत नाही, हे अगदी मनापासून सांगतो.

---

निळीलाट

दोघांचेही आभार. दोन शंका. आतल्या केबिनमध्ये बोट लागण्याचा त्रास जास्त होतो का? आणि 'गॅरंटी केबिन' म्हणून आणखी कमी भाडं दिसतंय, ते घ्यावं का?

---

सुकाणू

गॅरंटी म्हणजे तुम्ही फक्त प्रकार निवडता, नंबर कंपनी देते. दोन केबिन गॅरंटीत घेतल्या तर एक पुढच्या टोकाला आणि दुसरी तीन मजले वर, असंही होतं. लहान मुलं असताना हे परवडणारं नाही. घेऊ नका.

नंबर निवडताना डेकचा (जहाजाच्या मजल्याचा) नकाशा उघडा आणि तुमच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. बुफे किंवा तलावाच्या डेकखाली पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि नाट्यगृहाच्या वरच्या केबिनमध्ये रात्री धप-धप. सोफा आणि वरचा बर्थ उघडल्यावर पाळणा जमिनीवर मावेल का, हे कंपनीला विचारून घ्या. आतली केबिन साधारण १४ ते १७ चौरस मीटरची असते. पाळणा सहसा मोफत देतात, पण संख्या मर्यादित, म्हणून बुकिंगमध्येच नोंदवा. ६ वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नये, म्हणजे तुमच्याकडे वर दहा वर्षांचंच मूल.

बाल्कनीबद्दल माझं मत: बोट लागू नये म्हणून तिच्यावर पैसे घालायची गरज नाही. तिचा खरा उपयोग वेगळा आहे. बाळ दुपारी दोन तास झोपलं की एका मोठ्या माणसाला केबिनमध्ये थांबावं लागतं, आणि आतल्या केबिनमध्ये ते दोन तास मिट्ट काळोखात काढायचे. बाल्कनी असेल तर बाहेर बसता येतं. तुम्ही दोन केबिन घेणार असाल तर मधलं दार अर्धवट उघडं ठेवून दुसरीकडे दिवा लावता येतो, मग बाल्कनी वाचवा. घेतलीच तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा आणि मुलं आत असताना दाराची वरची कडी लावलेली असू द्या.

---

भरतीओहोटी

बोट लागण्याबद्दल: जहाज मध्यबिंदूभोवती झुलतं, म्हणून खालचा डेक आणि जहाजाचा मधला भाग सर्वांत स्थिर. पुढच्या टोकाला, उंचावर सर्वांत जास्त हलतं. नशिबाने याच मधल्या-खालच्या केबिन स्वस्तही असतात. २ वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, २ ते १२ वयाला सर्वाधिक होतो. मोठ्यांसाठी कानामागे लावतात ती पट्टी मुलांना लावू नका, औषध आणि मात्रा निघण्याआधी डॉक्टरांकडूनच घ्या. मार्गही महत्त्वाचा: नॉर्वेचे फिओर्ड (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) आणि अलास्काचा आतला जलमार्ग जमिनीच्या आडोशाला असतात, फ्रान्स-स्पेनजवळचा बिस्केचा उपसागर बऱ्याचदा खवळलेला असतो.

मार्ग निवडताना बंदराचं नाव आणि शहराचं नाव वेगळं ओळखा. 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविटावेक्कियाला, रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर. 'पॅरिस'चं बंदर ल हाव्र, तिथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर. बाळाला घेऊन तो दिवस बसमध्येच जातो आणि सहलीचे पैसे पाच जणांचे. उलट माल्टाचं व्हॅलेटा किंवा माँटेनेग्रोचं कोटोर इथे जहाजातून उतरलं की जुनं शहर समोर, सहल विकत घ्यावीच लागत नाही. सात रात्रींत अशी तीन-चार बंदरं असलेला मार्ग भाड्याने थोडा महाग दिसला तरी एकंदरीत स्वस्त पडतो.

हंगाम: शाळांच्या सुट्या सगळीकडे महाग. तुमच्या मोठ्या दोन मुलांची शाळा अजून फार अडत नसेल तर भूमध्य समुद्रात मे किंवा सप्टेंबरचा शेवट बघा. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर. भाडी पडतात ती यामुळेच. जहाज वादळाला वळसा घालतं, म्हणून भीती प्रवासाची नाही. बदलते ती बंदरं, आणि वगळलेल्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं. ठरावीक बेट बघायचंच असेल तर हा काळ टाळा.

व्हिसा हा लपलेला खर्च आहे. ज्यांना शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच) व्हिसा लागतो त्यांनी मार्ग नीट वाचावा. ग्रीसहून तुर्कीला जाऊन जहाज परत ग्रीसला येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि तो प्रवास संपल्यावर ६ महिने वैध असलेला बरा.

---

डेक_सात

शेवटच्या क्षणी भाडं पडेल म्हणून थांबू नका, पाच जणांसाठी तो जुगार आहे. तिघा-चौघांच्या केबिन आधी संपतात. कधी केबिन रिकामी असूनही तिसरं नाव घेतलं जात नाही, कारण त्या भागाच्या जीवरक्षक नौकेतल्या जागा भरलेल्या असतात. लवकर बुक करा, अनामत परत मिळणारी घ्या, आणि उरलेली रक्कम भरायच्या तारखेपर्यंत (साधारण दोन ते तीन महिने आधी) दर आठवड्याला भाडं बघत राहा. कमी झालं तर नव्या दराने करून द्या म्हणून विचारता येतं.

जहाजावरचं बिल फुगतं ते गेमिंग यंत्रं, बाटलीबंद पेयं, फोटो आणि इंटरनेटमुळे. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात बंद करून घ्या. फोन विमान मोडवर ठेवा, समुद्रातल्या नेटवर्कचं रोमिंग भयंकर महाग असतं. विम्यात जहाजावरचा दवाखाना आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च दोन्ही आहेत ना, ते वाचून घ्या.

---

भरतीओहोटी

दोन गोष्टी राहिल्या. मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळी पोहोचतात, त्यामुळे डायपर, दूध, औषधं, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. बाळाचं अन्न कारखान्यातून सीलबंद आलेलंच नेता येतं, घरी केलेलं सहसा अडवतात. केबिनमध्ये स्वतःची किटली सहसा चालत नाही, बाटल्या धुवायला गरम पाणी केबिनच्या कर्मचाऱ्याकडून मागा. बाळाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये नसेल तर सराव-कवायतीआधीच (संकटात काय करायचं याची पहिल्या दिवशीची तालीम) त्याच्याकडून घ्या.

आणि मार्गात 'टेंडर' लिहिलेली बंदरं मोजा, उदाहरणार्थ सॅन्टोरिनी. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीने किनाऱ्यावर जायचं असतं. बाबागाडी एका हाताने मिटणारी, हलकी घ्या, कारण हलत्या फळीवरून बाळ एकाच्या कडेवर, चार वर्षांच्या मुलाचा हात दुसऱ्याच्या हातात आणि गाडी दहा वर्षांच्या मुलाकडे किंवा होडीवरच्या माणसाकडे द्यावी लागते. केबिनचं दार अरुंद असतं, म्हणून गाडीची रुंदी कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघा. ती बाहेर पॅसेजमध्ये ठेवू देत नाहीत.