मदत हवी आहे: एमबीबीएस करताना पखवाजाचा हात कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी,

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव मालवण तालुक्यात, कॉलेज एसटीने दीड तासावर, म्हणून हॉस्टेलला राहतो. सातवीपासून गावच्या भजनात पखवाज वाजवतो, बुवांसोबत दोनदा डबलबारीलाही (दोन बुवांचा भजनाचा सामना) बसलोय.

गेलं वर्षभर हात जवळजवळ बंद आहे. सकाळी वॉर्डात पोस्टिंग, दुपारी पॅथॉलॉजी, फार्मा, मायक्रो, मग जर्नल आणि वायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची तयारी. अर्धा तास काढेनही, पण वाजवू कुठे? रूमवर थाप पडली की शेजारचे भिंत ठोकतात. त्यांचंही बरोबरच आहे, ते वाचत असतात. त्यात पखवाज काही खोळीतून काढला की वाजवला, असं होत नाही. धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक मळून लावा, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सुरात आणा, शेवटी कणीक खरवडून काढा. पावसात पुडी (तोंडावरचं चामडं) सैल पडते ती वेगळीच.

थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. नियम मला मान्य आहे, पेशंटजवळ उभं राहिल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. पण अभ्यासक्रमातच खेळ आणि इतर उपक्रमांना तास दिलेत, आणि आमच्याकडे त्या तासांना राहिलेला पोर्शन उरकतात. याचं मनापासून वाईट वाटतं. विचारायला गेलो तर "आधी पास व्हा" एवढंच ऐकायला मिळालं.

यंदा गणपतीत दोनच दिवस घरी होतो. तिसऱ्या घरच्या भजनात लय वाढली आणि माझी बोटं मागे पडली. बुवा रागावले नाहीत. घरी परतताना हळूच म्हणाले, "तुझो हात जड झालो रे." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मेडिकल करताना कुणी वाद्य टिकवलंय का? आठवड्याला किती रियाज पुरतो? आवाज न करता, उशीवर किंवा पाटावर वाजवून बोटं खरंच तयार राहतात का, की उलट हात बिघडतो? आणि कॉलेजात संध्याकाळी एखादी रिकामी खोली मिळवायची तर अर्ज कुणाकडे करावा, डीनकडे की स्टुडंट कौन्सिलमार्फत? आमच्या बॅचमध्ये एक पेटीवाली आणि दोन तबलेवाले आहेत, तेही तयार आहेत.

पुढची इंटर्नल परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.