हेडफोनवर आवाज येतो, मोबाइलच्या स्पीकरवर गायब. शिवाय शेवटी ओठ पुढे, आवाज मागे

फेडरखाली:
९० मिनिटांची मुलाखत आहे. दोन माइक मिक्सरला, मिक्सरच्या डाव्या मेन आउटमधून (६.३५ मिमी, बॅलन्स्ड) वायर थेट रेकॉर्डरच्या ३.५ मिमी स्टीरिओ लाइन-इनमध्ये. वायरला दोन्हीकडे टीआरएस पिन (टोक, मधलं कडं आणि बाही असे तीन भाग असलेली). व्हिडिओ वेगळ्या कॅमेऱ्यावर, कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजही आहे. दोन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) ४८ किलोहर्ट्झ.

१) हेडफोनवर आवाज येतो, पण डोक्याच्या मागून आल्यासारखा विचित्र. मोबाइलच्या एका स्पीकरवर बोलणं जवळजवळ नाहीसं होतं, बारीक घूं मात्र राहते.
२) सुरुवातीच्या टाळीला सिंक (ओठ आणि आवाजाचा मेळ) चोख, शेवटी आवाज पाव सेकंद मागे.
३) एसीचा आवाज काढायला ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन २४ डीबीला (डेसिबलला) लावलं, तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं झालं.

परत रेकॉर्ड करता येणार नाही. काय वाचवता येईल?

खर्जातला:
दुसऱ्या अडचणीचं कारण सॅम्पल रेट असणार. एक फाइल ४४.१ची आणि टाइमलाइन ४८ची असेल, तपासा. पहिल्यासाठी स्टीरिओ ट्रॅक फोडून उजवा चॅनल उडवा, डावा मोनो ठेवा. झालं काम.

तारजोडणी:
सॅम्पल रेट नाही. ४८ची फाइल ४४.१ने वाजली तर ६० मिनिटांची ६५ मिनिटं १८ सेकंद होते आणि आवाज जवळपास दीड सेमीटोन खाली उतरतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). इथे ९० मिनिटांत पाव सेकंद आहे. ते दोन यंत्रांच्या घड्याळांतलं अंतर आहे, दहा लाखांत साधारण ४६ भाग. प्रत्येक यंत्र आपापल्या घड्याळाच्या क्रिस्टलवर चालतं, त्यामुळे '४८ किलोहर्ट्झ' दोघांचं तंतोतंत सारखं कधीच नसतं.

आता पहिलं. बॅलन्स्ड आउटमध्ये पिनच्या टोकावर सिग्नल असतो आणि मधल्या कड्यावर तोच सिग्नल उलटा. रेकॉर्डरच्या स्टीरिओ जॅकला वाटतं टोक म्हणजे डावा आणि कडं म्हणजे उजवा. त्यामुळे तुमच्याकडे डावीकडे आवाज आणि उजवीकडे त्याचाच उलटा आवाज आला. मोबाइल दोन्हींची बेरीज करतो, बेरीज शून्य. (सगळे याला 'फेज उलटा' म्हणतात. खरं तर पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी आहे, वेळेत काही सरकलेलं नाही.)

घूं उरते, ही खूण महत्त्वाची. वायरीत शिरलेली घूं दोन्ही चॅनलमध्ये सारख्याच दिशेने आली, म्हणून ती बेरजेत कटत नाही. म्हणून उजवा चॅनल उडवू नका. मूळ फाइलची प्रत काढा. प्रतीत ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून स्टीरिओचे दोन मोनो ट्रॅक करा, फक्त उजवा निवडून इफेक्टमधला इन्व्हर्ट लावा. दोन्ही ट्रॅक ६ डीबीने खाली घ्या, नाहीतर मिसळताना फाटेल. मग दोन्ही निवडून मिक्स करा. आवाज आवाजात मिळतो, घूं घूंला मारते. शिवाय रेकॉर्डरची स्वतःची खरखर बोलण्याच्या तुलनेत सुमारे ३ डीबी कमी होते. एक चॅनल उडवला तर हे दोन्ही फायदे हातचे जातात.

जाता जाता: काही मिक्सरमध्ये मधल्या कड्यावर सिग्नलच नसतो, फक्त इम्पीडन्स (विजेला होणारा अवरोध) जुळवलेला असतो. मग आवाज एकाच बाजूला येतो. तिथे घूं नसेल तर खर्जातला म्हणतात तसं एक बाजू ठेवणंच बरोबर.

खर्जातला:
घूं उरते हे मी वाचलंच नव्हतं. उलटा करून मिसळणंच बरोबर.

शून्यडेसिबल:
घड्याळाच्या फरकावर उपाय सांगतो. शेवटी टाळी नसेल तर कॅमेऱ्याचा कच्चा आवाज आहेच, त्याच्या वेव्हफॉर्मशी जुळवा. तोही नीट दिसत नसेल तर 'प' शोधा. 'पण' कोण म्हणत नाही? 'प'ला ओठ पूर्ण मिटतात, वेव्हफॉर्ममध्ये क्षणभर सपाट रेघ येते आणि मग टोकदार उसळी. ओठ उघडतात ती फ्रेम आणि ती उसळी एकत्र आणा. असा एक 'पण' सुरुवातीला, एक शेवटी.

कॅमेरा वक्त्यापासून ७ मीटर असेल तर त्याच्याकडे आवाज सुमारे २० मिलिसेकंद उशिरा पोचलाय. म्हणजे कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवलं की तेवढी चूक सोबत येते. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्यामुळे अर्ध्या फ्रेमसाठी जीव काढू नका.

आवाज शेवटी मागे पडतो म्हणजे आवाजाची फाइल लांब आहे. दोन खुणांमधलं अंतर व्हिडिओत ५४०० सेकंद आणि आवाजात ५४००.२५ असेल तर स्पीड बदलण्याच्या इफेक्टमध्ये टक्केवारीऐवजी नवी लांबी भरा, कारण ०.००४६ टक्के तिथे नीट मावत नाही. टेम्पोचा इफेक्ट नको. तो सूर राखण्यासाठी आवाजाचे तुकडे पुन्हा जोडत बसतो आणि बोलणं खडबडीत होतं. स्पीडने सूर बदलतो, पण इथे सेमीटोनच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा नाही.

हे करायचं नसेल तर साधारण १५ मिनिटांनी बोलण्यातल्या विरामात कापा आणि आवाजाचा पुढचा तुकडा एक फ्रेम आधी, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे, ओढा. जोडावर टक् असा आवाज आला तर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा उमटू द्या.

मोबाइलने काढलेला व्हिडिओ असता तर गोष्ट वेगळी. त्यात फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो आणि फरक सरळ रेषेत वाढत नाही. तिथे आधी व्हिडिओ ठरावीक फ्रेम रेटवर फिरवून घ्यावा लागतो.

तारजोडणी:
नॉइज रिडक्शन पोलॅरिटी दुरुस्त केल्यावरच लावा, आणि नुसत्या एसीच्या आवाजाचा नमुना नव्याने घ्या. जुन्या नमुन्यात घूंही होती. विरामातला किमान अर्धा सेकंद निवडा, त्यात श्वास किंवा कपड्याची सळसळ नको. ६ डीबीपासून सुरू करा. लावण्याआधी 'रेसिड्यू' निवडून ऐका, म्हणजे जे काढलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसता एसी ऐकू यायला हवा. शब्द कळायला लागले की तुम्ही बोलणंच सोलताय. २४ डीबीला नेमकं तेच झालं. कॉम्प्रेसर (जोरातला आणि हळू आवाज जवळ आणणारा इफेक्ट) नंतर. आधी लावला तर तो विरामातला एसी वर उचलून आणतो.

फेडरखाली:
उलटा करून मिसळला. घूं जवळजवळ गेली, राहिलेला एसी ७ डीबीत दबला. रेसिड्यूत शब्द नाहीत. लांबी ५४०० भरली, मधले तीन 'पण' तपासले, तिन्ही फ्रेमवर बसले. पुढच्या वेळी वायर कशी लावू?

तारजोडणी:
मिक्सरला आरसीए (गोल पिनच्या घरगुती जॅकचं) रेकॉर्ड आउट असेल तर तेच वापरा, ते मुळात अनबॅलन्स्ड असतं, म्हणजे त्यात उलटा सिग्नल नसतो. नाहीतर वायर करून घ्या: मिक्सरकडच्या पिनचं टोक रेकॉर्डरकडे टोक आणि कडं दोन्हींना, बाही बाहीला, मिक्सरकडचं मधलं कडं मोकळं. आउट ट्रान्सफॉर्मरचं असेल तर कडं मोकळं न सोडता बाहीला जोडायचं.

लेव्हलही बघा. मिक्सरची लाइन लेव्हल +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, रेकॉर्डरची घरगुती लाइन ०.३१६ व्होल्टची. जवळपास १२ डीबीचा फरक. रेकॉर्डरचा गेन खाली घेऊनही आवाज फाटत असेल तर तो इनपुटलाच फाटतोय, तिथे गेनची कळ फिरवून उपयोग नाही, मिक्सरचा मास्टर उतरवा. सर्वांत जोरात बोलताना रेकॉर्डरच्या मीटरवर शिखर −१२ डीबीच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडली तर काही बिघडत नाही.

आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून मोबाइलच्या स्पीकरवर वाजवा.