अण्णांना जठराचा कॅन्सर निघाला. सोलापूरच्या जेवणानं होतो का?

पूर्वभागातली
आमच्या अण्णांचं वय 63, चाळीस वर्षं टॉवेलच्या लूमवर काढली. दिवाळीनंतर दोन घास खाल्ले की "पोट भरलं" म्हणून ताटावरून उठायला लागले. मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणायची, आठ दिवस बरं, परत तेच. असे सहा महिने गेले. एक दिवस ते खिळा तापवून कमरेच्या पट्ट्याला दुसरं नवं भोक पाडत बसलेले दिसले, तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. मग शौचाला डांबरासारखं काळं झालं. एंडोस्कोपी, बायोप्सी, आणि कॅन्सर. आता आधी केमो, मग ऑपरेशन ठरलंय.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, "शेंगाचटणी नि कडक भाकरीनं केलं." चटणी आईच उखळात कुटायची. तिनं बरणी माळ्यावर टाकली आणि मीच खायला घातलं म्हणून रडते. अण्णा विशीपासून विडी ओढतात, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आपल्या भागात हा आजार जास्त आहे का? आणि आम्ही तिघा भावंडांनी काय तपासून घ्यावं?

बार्शीकर
ताई, आधी आईंना सांगा, दोष त्यांचा नाही. बार्शीच्या कॅन्सर नोंदणीसाठी मी काही वर्षं गावोगाव फिरलोय. 1987 पासून बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या रुग्णांची नोंद होते, देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. आमच्याकडं तोंडाचे, स्तनाचे, गर्भाशयमुखाचे रुग्ण भरपूर, जठराचे मोजकेच. चटणी-भाकरीनं होत असतं तर आमच्या वह्या भरून गेल्या असत्या. चेन्नई, बेंगळुरूकडं आपल्यापेक्षा जास्त आणि देशात सगळ्यात वर मिझोराम. जगात बघाल तर जपान, कोरिया, मंगोलिया.

माजी_जवान_मोहोळ
मी मिझोराममध्ये, आयझॉलला होतो. तिथं चुलीवर डुकराचं मांस टांगलेलं असतं, धुरानं काळं पडेपर्यंत. शिवाय तुइबूर. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवतात आणि ते पाणी बाटलीतून घोटभर तोंडात धरून बसतात, म्हाताऱ्या बायासुद्धा. तिथले डॉक्टर या दोन्हींकडं बोट दाखवायचे. अण्णांची विडी सुटली का?

एंडोस्कोपी_सिस्टर
विडीचा मुद्दा बरोबर आहे, धूम्रपानानं जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. खूप खारवलेलं खाणंही वाईट, म्हणून लोणचं-पापड बेतानं. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो बहुतेकदा लहानपणी, घरातल्या घरातच लागतो. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये स्वतः त्याचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू, पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. 1994 मध्ये त्याला कॅन्सरकारक ठरवण्यात आलं. आपल्याकडं तो खूप जणांच्या पोटात असतो आणि कॅन्सर त्यातल्या फार थोड्यांना होतो, त्यामुळं तपासणीत निघाला तर घाबरू नका.

मात्र आई-वडील किंवा भावंडांत कुणाला हा कॅन्सर असेल तर धोका दोन-तीन पट होतो. म्हणून तुम्ही तिघं श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. हे लोक विसरतात आणि आम्हाला परत बोलवावं लागतं. जंतू निघाला तर दहा-चौदा दिवसांचा कोर्स पुरा करा आणि गेला का ते पुन्हा तपासा. कोरियात अशाच रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये छापून आला. औषधानं पुढं कॅन्सर होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. वजन उतरणं, घास अडकणं, काळं शौच, रक्त कमी होणं यातलं काही दिसलं तर मात्र थेट एंडोस्कोपी. गोळी खात बसायचं नाही.

पूर्वभागातली
सिस्टर, धाकटा भाऊ वर्षभर रोज ॲसिडिटीची गोळी घेतोय. आज डॉक्टरांना विचारून बंद केली, दोन आठवड्यांनी तिघंही जातो. बार्शीकर दादांचं उत्तर आईला वाचून दाखवलं. "मोजकेच" हा शब्द तिनं परत वाचायला लावला. मोहोळचे दादा, विडी बायोप्सीच्या दिवसापासून बंद आहे. केमोत अण्णांना काय पचेल? सध्या दर दोन तासांनी दुधात भाकरी कुस्करून वाटीभर देतोय, त्यातली निम्मी उरते.