३१५ ची बॅरल बदलायची का?

काजूबागायतदार (सत्तरी): नमस्कार मंडळी. बाबांची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) ऑर्डनन्स फॅक्टरीची बोल्ट अॅक्शन (हातानं बोल्ट मागेपुढे करून गोळी भरायची) रायफल लायसन ट्रान्सफर होऊन माझ्याकडे आलीय, क्रॉप प्रोटेक्शनचं लायसन आहे, कुळागर (सुपारीची बाग) आणि काजू दोन्ही रानाला लागून. रेंजवर मारून बघितली तर ५० मीटरवर गोळ्या वीतभर फाकतात. उजेडाकडे धरून नळीत बघितलं तर रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) दिसतं पण मधे मधे काळे खड्डे आहेत. फॅक्टरीची बॅरल काढून नवीन टाकावी का? आणि त्याला परवानगी लागते का?

फोंडेकर काका: अरे बाबा, बॅरलवर इतक्यात जाऊ नकोस. ती लाकडी दस्त्याची गन आहे आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, लाकूड फुगतं, बॅरलला एका बाजूनं रेटतं आणि निशाणा सरकतो. आधी ट्रिगर गार्डचे स्क्रू घट्ट आहेत का बघ, पुढचा दस्ता हलतो का बघ, मग नळीच्या तोंडाकडची कड बघ. जुनी माणसं साफ करताना रॉड तोंडाकडून घालायची, त्यानं ती कड एका बाजूनं घासते आणि गोळी बाहेर पडतानाच वाकडी सुटते. बोल्ट काढ, नळी रिकामी आहे ना ते बोट घालून बघ आणि मग कडेवरून कापूस फिरव, खरखरीत असेल तिथं तंतू अडकतील. कड खराब असेल तर गनस्मिथ ती नव्यानं करून देतो, पूर्ण बॅरल काढायची गरजच पडत नाही.

डिचोलीकर: काकांना अनुमोदन. खड्ड्यांबद्दल सांगतो, जुन्या गोळ्यांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) क्लोरेट असायचं, बार उडाला की नळीत मीठ उरतं आणि आपल्या दमट हवेत ते पाणी ओढून लोखंड खातं. तेलानं ते जात नाही, पाण्यानंच विरघळतं, म्हणून गरम पाणी ओतायचं, कोरडी चिंधी फिरवायची आणि मगच तेल. इलेक्शनच्या वेळी पोलिसांकडे गन जमा करतानाही नळीत जाड ग्रीस भरून द्या. खड्डे थोडे असतील तरी नेम बरा राहू शकतो, तांब्याचा थर साचला असेल तर तो आधी सॉल्व्हंटनं काढा, पांढऱ्या चिंधीवर निळसर हिरवं यायचं थांबेपर्यंत. मगच पुन्हा मारून बघा.

सांगेकर: परवानगीचं मी सांगतो कारण लोक हे हलक्यात घेतात. १९५९ च्या आर्म्स अॅक्टमध्ये हत्याराचे सुटे भागही हत्यारातच येतात, म्हणजे बॅरल बाजारातून आणून वर्कशॉपमधल्या लेथवाल्याकडे बसवून घेतली तर तुम्ही आणि तो, दोघंही अडकाल. काम लायसन असलेल्या आर्म्स डीलर किंवा गनस्मिथकडेच, आणि त्याआधी कलेक्टर ऑफिसात लेखी अर्ज द्या, नंबर आणि बोअर लायसनवर लिहिलेला असतो. बोअर बदलायचा विचारही नको. आणि क्रॉप प्रोटेक्शन म्हणजे शिकार नव्हे, रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, फॉरेस्टची परवानगी नसताना मारलं तर केस होते. गव्याचं तर नावच काढू नका.

फोंडेकर काका: आणि बॅरल बदललीच तर हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसायची मागची जागा, नीट तपासून घे. ही अॅक्शन (बोल्टची यंत्रणा) ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलची, काडतुसाला मागे रिम (बाहेर आलेली किनार) असते, बोल्ट आणि बॅरलमध्ये त्या रिमपुरतीच जागा हवी. जास्त राहिली तर काडतुसाचं पितळी कवच फाटून गॅस थेट तोंडावर येतो. ही जागा मोजायची दोन मापं असतात, गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये, हे माझ्यासमोर करून दाखव असं स्पष्ट सांगायचं.

काजूबागायतदार (सत्तरी): सगळ्यांचे मनापासून आभार, बॅरलचा विचार तूर्त बाजूला. एक स्क्रू खरंच ढिला निघाला. रॉड कुठला घेऊ?

फोंडेकर काका: पितळी, एकसंध. आणि मागून घाल.