रिकाम्या मैदानातला होमरन: बेसबॉलची नक्कल, कला की टवाळी?

फिरकीवाला: बेसबॉल मला धड कळत नाही, पण त्याची नक्कल बघायला मिळाली की हलवत नाही. विनोदी नट बस्टर कीटनचा 1928चा मूकपट आहे, 'द कॅमेरामन'. सामना टिपायला हा न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर पोचतो, तर यांकीज संघ गेलाय सेंट लुइसला. मैदान ओस. मग पठ्ठ्या एकटाच खेळतो. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होऊन नसलेल्या कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागच्या झेलणाऱ्याच्या, खुणेला मान हलवून नकार देतो, नसलेल्या धावकावर डोळा ठेवतो. मग बॅटर होतो, फटका मारतो, सगळे बेस, म्हणजे मैदानातले थांबे, पळून घसरत 'होम'ला, निघाल्या जागी, येतो (हाच होमरन) आणि रिकाम्या खुर्च्यांना अभिवादन करतो. तेवढ्यात लक्षात येतं, मैदानाचा रखवालदार बघतोय! ना चेंडू, ना बॅट. हेच कुणी आज गॅलरीत पडद्यावर फिरवत ठेवलं तर आपण व्हिडिओ आर्ट म्हणून माना डोलावू. बेसबॉलमध्ये खेळापेक्षा खाणाखुणा, थुंकणं, टोपी सारखी करणं जास्त. नकलाकाराला आयतं सामान.

तिरपा_डोळा: म्हणजे श्रेय कीटनचं, खेळाचं कसलं? त्याने पाणीपुरीवाला केला असता तरी आपण हसलोच असतो.

फिरकीवाला: अहो, तो स्वतः बेसबॉलवेडा. शूटिंगमध्ये गाडं अडलं की सगळ्या मंडळींना घेऊन बेसबॉल खेळायचा. अंगात मुरलेलं होतं म्हणून जमलं.

सांजवारा: कीटनला हौस होती. ज्यांना पोटासाठी विदूषक व्हावं लागलं त्यांचं काय? गोऱ्यांच्या संघांत प्रवेश नसलेल्या काळ्या खेळाडूंचा 'क्लाउन्स' नावाचा संघ होता, आधी 'इथिओपियन', पुढे 'इंडियानापोलिस'. सुरुवातीला तोंडं रंगवून, खोटी आफ्रिकी नावं लावून खेळवायचे. काळ्या वर्तमानपत्रांतून तेव्हाच टीका झाली. पुढे नामवंत फलंदाज झालेला हँक आरन 1952मध्ये याच संघात होता. तोवर सोंगं कमी झाली होती, तरी पाटी 'क्लाउन्स'चीच. पुढे त्याने 755 होमरन मारले. त्या पाटीखाली किती जण तसेच राहिले असतील? मला तरी हसू येत नाही.

फिरकीवाला: रंगवलेल्या तोंडांचं समर्थन मी करणारच नाही. पण त्यांचा 'शॅडो बॉल' बघा. सरावाच्या वेळी चेंडूच नाही. फेकणं, झेपावणं, बेसवर टिपणं सगळं हवेत, आणि इतक्या वेगात की प्रेक्षकांना चेंडू दिसायचा. कीटनच्या तोडीचं आहे हे. याला लाचारी म्हणायचं?

सांजवारा: कसब होतं म्हणूनच जास्त लागतं हो. तेवढ्या कसबाला नुसत्या खेळाचं तिकीट का मिळालं नाही?

कट्टेकरी: तुम्ही दोघं फारच गंभीर झालात ब्वा. सॅव्हाना बनानाज हा आजचा बेसबॉल संघ बघा. मालक पिवळ्या सुटात, एक गडी चक्क स्टिल्ट्सवर, म्हणजे उंच काठ्यांच्या पायांवर, आणि प्रेक्षकाने फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, झेलला तर बॅटर आउट!

तिरपा_डोळा: बघितलं. पाचव्या मिनिटाला कंटाळा आला. सगळेच विदूषक झाले तर हसायचं कुणाला? कीटनच्या वेळी निदान तो रखवालदार तरी शहाणा होता.