मदत हवी आहे: ॲपने टॅक्सी ड्रायव्हरचा आयडी बंद केला, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. माझा धाकटा भाऊ एका ॲपवर टॅक्सी चालवतो. मोपा विमानतळावर पॅसेंजर सोडून परत येताना त्याचा आयडी अचानक बंद झाला. स्क्रीनवर एवढंच, 'तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे.' कोणाची, कसली, काही नाही. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, तेच उत्तर. गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. आईने तर देवाला साकडं घातलंय.

मी थोडं वाचलं. 'सामाजिक सुरक्षा संहिता, 2020' हा केंद्राचा कायदा नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. त्यात गिग कामगारांची (म्हणजे पगारी नोकरी नाही, कामागणिक पैसे मिळणाऱ्यांची) व्याख्या आहे, कल्याण निधीची तरतूद आहे. पण आयडी बंद करण्याआधी नोटीस द्यायचं बंधन मला तरी त्यात दिसलं नाही. शेजारच्या कर्नाटकात 2025 च्या कायद्याने कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. सीमेपलीकडच्या ड्रायव्हरला जे मिळतं ते आपल्या पोरांना का नको?

पणजीला पाट्टोवर कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला, तर 'तो कामगार नाही, भागीदार आहे' म्हणून परत पाठवतील का? की वकिलाची नोटीस आधी? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील कोणी घेतलाय का? ॲपच्या करारात लवादाचं कलम आहे (म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादापुढे सोडवायचा), ते आड येतं का?

ट्रिपचे स्क्रीनशॉट आणि बँकेचं पासबुक जपून ठेवलंय. आणखी काय जमवावं?