डिस्कोनंतरचा नाइल रॉजर्स

'डिस्कोबरोबर नाइल रॉजर्सही संपला' असं एक मत आहे, ते मला पटलं नाही. डिस्को म्हणजे सत्तरच्या दशकातलं नाचाचं संगीत आणि रॉजर्स त्यातला अमेरिकन गिटारवादक. 'शीक' हा त्याचा बँड मागे पडला खरा, पण गडी दुसऱ्यांच्या गाण्यांचा निर्माता (रेकॉर्ड प्रोड्यूसर) म्हणून खुर्चीत जाऊन बसला. १९८० साली गायिका डायना रॉसचा अल्बम, १९८३ला डेव्हिड बोवीचा 'लेट्स डान्स', पुढच्या वर्षी मॅडोनाचा 'लाइक अ व्हर्जिन'. याला संपणं म्हणायचं? शीकच्या 'गुड टाइम्स' गाण्यातल्या, बँडमधला जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्सच्या बेस गिटारवर तर 'रॅपर्स डिलाइट' हे गाजलेलं रॅप गाणं उभं राहिलं. तिथे रॉजर्स आणि एडवर्ड्स दोघांना श्रेय मिळालं, तेही कोर्टाची धमकी दिल्यावर!

मला मात्र रॉजर्सची गिटारच जास्त आवडते. उजवा हात चार ठोक्यांत सोळा झटके मारत राहतो, डावा त्यातले मोजकेच वाजू देतो. डाफ्ट पंकच्या २०१३च्या 'गेट लकी' गाण्यातही हेच ऐकू येतं.